कुर्डुवाडीला नेलेली आगटी

हल्ली म्हणे हुरडा गॅसवर भाजतात. कढईत. परवा एका लग्नात एक बाई मला मोठ्या कौतुकानं सांगत होती आणि मी नुसती तिच्या तोंडाकडं बघत बसले. कढईत भाजलेल्या ज्वारीला दाणे म्हणा की हवं तर, हुरडा कशाला म्हणता? हुरड्याला जमिनीत खड्डा लागतो. खड्ड्यात गोवऱ्यांचा निखारा करायचा, त्यात कोवळं कणीस सबंध घालायचं, मग बाहेर काढून तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि हात पोळत असतानाच खायचं. त्या खड्ड्याला आगटी म्हणतात. आगटी शेतातच असते, ती कुणी उचलून कुठं नेत नाही. आम्ही मात्र एकदा नेली. सोलापूरहून वैराग, वैरागहून बार्शी आणि बार्शीहून कुर्डुवाडी, टेम्पोत घालून.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी लग्न होऊन भवानी पेठेत नांदत होते. आमचे मालक मागावरच्या विणकरांकडून चादरी आणि टॉवेल घेऊन गावोगावच्या दुकानांना पोचवायचे, घरचा एक टेम्पो होता. माहेर वैरागच्या अलीकडं, शेतात वस्ती. आणि माझी थोरली बहीण, आमची अक्का, कुर्डुवाडीत रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. दाजी तिथल्या वर्कशॉपात होते.

अक्काचं पोट दोनदा रिकामं झालं होतं. दोन्ही वेळा चौथा महिना पुरा व्हायच्या आतच. पहिल्या वेळी ती रडली, दुसऱ्या वेळी रडलीसुद्धा नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली होती. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. डॉक्टरीणबाईंनी तिला जिना उतरायचा नाही असं बजावलं होतं, आणि क्वार्टर पडलं वरच्या मजल्यावर. म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि पुढं फरशीची गॅलरी, एवढंच तिचं जग. तेही चाललं असतं, पण तिला काही म्हणता काही पचत नव्हतं. भाकरी उलटून पडायची, भात उलटून पडायचा, पाणीसुद्धा. त्यात कॉलनीत घरोघर दगडी कोळशाच्या शेगड्या. तो धूर नाकात गेला की तिला उमळून यायचं. घरात स्टोव्ह आणला तर रॉकेलचा वास सोसेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, असंच उपाशी राहिलात तर हेही मूल टिकायचं नाही.

हे सगळं आम्हाला दाजींनी सांगितलं. ते कामासाठी सोलापूरला आले होते आणि परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून घरी आले. दाजी तसे मुलखाचे अबोल. चहाची बशी हातात धरून बसले, चहा निवून गेला तरी पिईनात. मग आमच्या मालकांना म्हणाले, "साडूभाऊ, ती महिनाभर काही मागत नव्हती. काल हुरडा मागितला. काहीही करा, पण तेवढं तिच्या पोटात जाऊ द्या."

आता हुरडा काय, पोतंभर देऊ. पण द्यायचा कसा? शेतात भाजून डब्यात घालून नेला तर तासाभरात चामट होतो, तो निरोगी माणसालाही चाववत नाही. अक्काला शेतात न्यायची सोय नव्हती. क्वार्टरच्या खाली अंगणात आगटी करावी तर तिला जिना बंद. शेगडीवर भाजावा तर कोळशाचा वास. घरात सगळे विचार करून दमले. सासूबाई कानडीत काहीतरी पुटपुटत जपाला बसल्या. तेव्हा मी म्हटलं, आगटी मातीचीच करून घेऊ की. कुंभाराकडून पसरट, जाड बुडाची, खाली पाय असलेली. गॅलरीत ठेवायची आणि आत आपल्या शेतातल्या गोवऱ्या पेटवायच्या. ही अक्कल माझी होती, हे मी आजही छाती ठोकून सांगते, कारण पुढं जे काही झालं त्यात माझा काडीचा हात नव्हता.

कुंभारानं छान केली. परातीएवढा घेर, बोटभर नव्हे, चांगली चार बोटं जाड भिंत, वारा लागायला बाजूला एक भोक आणि खाली तीन पाय. भाजून लाल झालेली. मालक ती टांग्यातून घरी घेऊन आले आणि दारात उतरवताना बघतात तर एक पाय टांग्यातच राहिलेला. मी हसू आवरून धरलं, पण फार वेळ नाही. म्हटलं, इकडून वैराग, वैरागहून कुर्डुवाडी, तीही असल्या रस्त्यांनी, आणि तुमच्यानं कुंभारआळीतून भवानी पेठेपर्यंत येईना. हे त्यांना लई लागलं. माल बांधणं हा त्यांचा अभिमानाचा भाग होता. त्यांनी बांधलेल्या गठ्ठ्यातली चादर कधी चुरगळली नाही की भिजली नाही, असं दुकानदार म्हणायचे आणि हे ते मला ऐकवायचे.

तर दुसरी आगटी घेताना ते कुंभाराशी बराच वेळ बोलत बसले. मातीला हिसका सोसत नाही, भार सोसतो, असं तो म्हणाला म्हणे. पाय खाली टेकवले तर खड्ड्यात बसणारा प्रत्येक धक्का पायातून वर जाणार. मग पालथी ठेवावी तर काठ जायचे. रात्री जेवताना त्यांचं लक्ष ताटात नव्हतं. सकाळी त्यांनी युक्ती काढली. टेम्पोच्या वरच्या दांड्यांना दोन बाजूंनी दोर बांधले, त्यात एक जाड चादर झोळीसारखी अडकवली आणि आगटी त्या झोळीत ठेवली. खाली काही टेकायचं नाही, वर काही दाबायचं नाही. रस्ता कितीही हलला तरी झोळी आपली झुलत राहील. मी मनातून खूश झाले, पण तोंडानं म्हटलं, बघू या.

पहाटे निघालो. थंडी मी म्हणत होती. मालक प्रत्येक खड्ड्याला गाडी मुंगीच्या पावलानं घालायचे आणि मला मागच्या खिडकीतून बघायला लावायचे. आगटी मजेत झुलत होती. वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि आगटीला केसाएवढासुद्धा तडा नव्हता. मालक उतरले ते असे, की यांना आता कुणीतरी हार घालावा.

आईनं टेम्पोत डोकावून बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. पाळणा टांगून आणलाय की तुमी, म्हणाली. मालकांना वाटलं कौतुक चाललंय. ते सांगायला लागले, दोर कसे बांधले, गाठ कसली मारली. आई म्हणाली, "जावईबापू, रिकामा पाळणा हलवत माज्या लेकीच्या दारात जायचं व्हय? दोनदा हात पोळल्यात आमचे." आणि तिनं स्वतः दोर सोडायला घेतला.

रिकामा पाळणा हलवू नये हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक. मलाही ठाऊक होतं, पण मला तो पाळणा दिसलाच नव्हता, आगटी दिसत होती. मालकांनी समजावून बघितलं, की ही चादर आहे, पाळणा नाही, आणि रिकामी तर मुळीच नाही. आईनं दोर सोडून, गुंडाळून त्यांच्या हातात दिला. ती लिहायला-वाचायला शिकली नव्हती, पण एकदा तिनं नाही ठरवलं की आमचे वडील, आप्पासुद्धा गोफण घेऊन पाखरं हाकायला निघून जायचे. तेव्हाही ते निघून गेले.

मग तिचं दुसरं निघालं. कोरी आगटी लेकीच्या घरी न्यायची नाही. नव्या चुलीत पहिला विस्तव माहेरचा पडला पाहिजे. हेही आमच्यात आहेच. तिनं आगटीला हळदकुंकू लावलं, आपल्या चुलीतला निखारा खापरात आणून त्यात घातला, वर गोवऱ्या रचल्या आणि चांगला धगधगीत जाळ केला. तेवढ्या वेळात मी आणि मालक कणसं खुडायला गेलो. गुळभेंडी ज्वारी, दाणा दुधानं टच्च भरलेला, नखानं दाबला तर चीक उडावा असा. त्या वर्षी पीक इतकं देखणं होतं, की दुष्काळात आपण काय काय खाल्लं हे आठवून मला तिथंच रडू आलं. मालकांनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, पान लागलं डोळ्याला.

आईनं मात्र आधी पाच कणसं वेगळी खुडून घेतली. ती देवाची. तिचा नेम असा होता, की संक्रांतीच्या यात्रेला सोलापूरला यायचं, तळ्यातल्या सिद्धरामेश्वराला नवी कणसं वाहायची आणि मगच नवं धान्य तोंडात घालायचं. तोवर घरातल्या सगळ्यांनी हुरडा खाल्ला तरी ही एक दाणा चाखायची नाही. यात्रा दोन-चार दिवसांवर आली होती आणि ती कुर्डुवाडीहून आमच्याबरोबरच सोलापूरला यायची होती. त्या वर्षी त्या कणसांवर तिनं अक्काचं मागणंही घातलं होतं. ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं ती जवळ ठेवली.

आता आगटी बांधायची कशी? चादरीत गुंडाळायला मालक तयार होईनात, कारण आतून ती काळी झाली होती आणि चादरी दुकानात द्यायच्या होत्या. कडबा घालावा तर तो वाळलेला, बोचरा. तेव्हा त्यांना दुसरी युक्ती सुचली. कणसं न्यायचीच आहेत, मग तीच आगटीभोवती का घालू नयेत? ओली, मऊ, जड. पोतंही एकच होईल. सगळ्यांना ते एकदम पटलं. आप्पासुद्धा पाखरं राखायच्या माळ्यावरून उतरून बघायला आले आणि मान हलवून गेले. राख झटकली, बाहेरून हात लावून बघितलं, गार होती. आत जरा कोमट लागत होतं, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. बारदानात खाली कणसांचा थर, त्यावर आगटी, तिच्या पोटात कणसं, तीन पायांच्या मध्ये कणसं, चहूबाजूंनी कणसं, वर ज्वारीचा हिरवा पाला. मग दाभणानं तोंड शिवून टाकलं आणि वरून सुतळीनं आवळलं. मालकांनी पोत्यावर थाप मारली आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, बरं बाई.

बार्शीच्या जकात नाक्यावर आम्हाला थांबवलं. नाक्यावरच्या माणसाला टेम्पोत चादरी दिसल्या, पोतं दिसलं, त्याला वाटलं काहीतरी दडवून चाललेत. त्यानं पोतं उघडायला सांगितलं. मालक म्हणाले, घरचा हुरडा आहे, मेव्हणीसाठी चाललाय, शिवण उसवणार नाही. त्यानं पोत्यावर हात ठेवला आणि म्हणाला, हे तर गरम लागतंय. मालक म्हणाले, उन्हातनं आलोय, गरम लागणार नाही तर काय. बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी आई खाली उतरली आणि तिनं त्या माणसाला अक्काची सगळी हकिकत सांगितली, पहिल्यांदा पोट गेलं तेव्हापासून. त्यानं हात जोडले आणि जा म्हणाला. मालक गाडी सुरू करताना म्हणाले, बघितलंस, शिवण उसवू दिली नाही. ते गरम पोतं पुढं कितीतरी दिवस माझ्या मनात येत राहिलं.

कुर्डुवाडीत शिरताना फाटक बंद. एक मालगाडी गेली, मग इंजिन एकटंच मागं आलं, परत गेलं, आणि फाटकवाला काही फाटक उघडेना. आई मांडीवर ओलं फडकं धरून बसली होती आणि दर थोड्या वेळानं तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडत होती. मागं पोतं उन्हात.

आम्ही जिना चढून वर गेलो तेव्हा अक्का गॅलरीच्या दारात घोंगडीवर बसली होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. सकाळपासून ती तिथंच बसली होती, असं दाजी म्हणाले. पुढ्यात तिनं वाट्या मांडून ठेवल्या होत्या. एकीत शेंगाची चटणी, एकीत मीठ, एकीत दही, एकीत गूळ. चटणी शेजारणीकडून कुटून घेतली होती. मला बघून ती हसली आणि म्हणाली, किती उशीर गं.

दाजींनी आणि मालकांनी पोतं वर आणलं, अगदी हळू. मालकांनी शिवण उसवली, पाला बाजूला केला, आणि आतून गरम वाफ आली. वाफेबरोबर तो वास. ओली वैरण सडल्यासारखा, आंबूस. कणसं उकडून निघाली होती. हिरवी पिवळी पडलेली, हाताला चिकट. चोळून बघितलं तर दाणा सुटेना, पिठासारखा लगदा व्हायला लागला. चार बोटं जाडीच्या मातीनं सकाळचा जाळ पोटात धरून ठेवला होता आणि वाटभर त्या कणसांना वाफ दिली होती. मालकांनी आणखी आत हात घातला. आगटी बाहेर काढली. तीन पाय, काठ, सगळं जागच्या जागी. कुठं टवकासुद्धा उडाला नव्हता.

मग माझा तोल गेला. दाजी उभे आहेत, आई उभी आहे, शेजारच्या बायका दारातून बघतायत, मला कशाचं भान राहिलं नाही. मी त्यांना नाही नाही ते बोलले. माती जपलीत आणि तिच्या तोंडचा घास नासवलात, म्हटलं. बांधाबांधीचा मोठा डौल, आणि पोतं गरम लागतंय हे वाटेत परका माणूस सांगतोय तरी ऐकायचं नाही. ते दाभण हातात धरून खाली मान घालून उभे राहिले. आणि हे सगळं चाललं असताना अक्काला तो आंबूस वास लागला. तिनं तोंडाला पदर लावला, तरी उमळून आलंच. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी पडलं. मग ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली आणि म्हणाली, असू दे, न्या ते. ते तिचं असू दे ऐकून माझा राग कुठल्या कुठं गेला आणि मी घाबरले. दुसऱ्या वेळी पोट गेलं तेव्हा ती याच आवाजात असू दे म्हणाली होती.

दाजींनी पोतं खाली नेलं. आईनं मला पाणी टाकून फरशी धुवायला सांगितली. तोवर तिनं आगटी गॅलरीच्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला ठेवली. शेतातून आणलेल्या गोवऱ्या मोडून पेटवल्या. धूर सरेपर्यंत पदरानं वारा घालत बसली. निखारा पडला, तसं तिनं मांडीवरचं ओलं फडकं सोडलं.

मी तिचा हात धरला. ती देवाची आहेत, म्हटलं. तिनं माझा हात बाजूला केला. "म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "देवाला समदं गाव आनून घालतंय. हिला आज कोन घालनार?"

पाचही कणसं तिनं निखाऱ्यात घातली. एक एक उलटवत बसली. जरा फुटल्याचा आवाज आला, आणि मग तो वास. हुरड्याचा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला मी काय सांगणार. आईनं कणीस तळहातावर घेऊन चोळलं, फुंकर मारली आणि हिरवे दाणे अक्काच्या हातावर ठेवले. अक्का उठून बसली. एक दाणा तोंडात घातला. चावला. आणखी दोन घातले. चटणीला बोट लावलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो, जणू तिला कुणी कधी जेवताना पाहिलंच नव्हतं. पाच कणसांचा हुरडा तो केवढा, दोन मुठी. तेवढा संपला. मग आम्ही वाट बघत बसलो. खाली इंजिनं शिट्ट्या मारत होती. मी मनात म्हणत होते, राहू दे, राहू दे, एवढं राहू दे.

ते राहिलं. बराच वेळ गेला तरी राहिलं. अक्कानं हात झटकले, दाजींकडं बघितलं आणि विचारलं, "अजून हाय का?"

महिनाभर जिनं एक घास मागितला नव्हता ती अजून मागत होती, आणि आमच्याकडं एक दाणा नव्हता. दाजी उठले आणि आत जाऊन उभे राहिले. ते रडत होते हे मला मागून कळत होतं. आमचे मालक मात्र सरळ जिना उतरायला लागले. मी गॅलरीतून ओरडून विचारलं, कुठं निघालात? ते टेम्पोत बसले आणि गेले. थोड्या वेळानं दाजी डोळे पुसून पाण्याची बादली घेऊन आगटी विझवायला आले, तेव्हा मीच त्यांच्या हातातून बादली काढून घेतली. तापल्या मातीवर पाणी ओतायला निघाले होते. म्हटलं, इथवर सबंध आणलीय, आता तुम्ही फोडू नका.

मालक दुसऱ्या दिवशी सकाळी आले. रात्रभर वस्तीवर राहून, दव असतानाच कणसं खुडून, उघड्या टोपल्यात सुटी सुटी पसरून, वर ओलं फडकं घालून. आल्या आल्या त्यांनी टोपलं अक्कापुढं ठेवलं, आधी वास घे म्हणाले. मी आदल्या दिवशी एवढं बोलले होते, त्याबद्दल त्यांनी तेव्हा एक शब्द काढला नाही. पुढं आयुष्यभर काढत राहिले, ते सोडा. आगटी एकदाच गेली. कणसं मात्र हुरडा सरेपर्यंत त्या वाटेनं जात राहिली, कधी ते न्यायचे, कधी आप्पा, कधी दाजी येऊन घेऊन जायचे. हुरड्यानं अक्काचं पोट सुरू झालं. मग दही चालायला लागलं, मग भात. चौथा महिना पुरा झाला त्या दिवशी मी सोलापुरात कुणाला काही सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून, नुसता शिरा केला.

त्याच संक्रांतीला आई आमच्याकडं होती. यात्रेला गेली, पण देवळात गेली ती रिकाम्या हातानं. दुरूनच हात जोडून आली. मला वाटलं, दमली असेल. घरी मी भाकरी टाकत होते, तर तिनं आपल्या पिशवीतून पिठाची पुरचुंडी काढली आणि मी हीच खाणार म्हणाली. गेल्या सालच्या ज्वारीचं पीठ. विरी गेलेलं, थापता थापता फुटत होतं. मी म्हटलं, हे काय नवीन? ती म्हणाली, देवाचं अजून पोचलं न्हाय, मग मी नवं कसं खाऊ? त्याची कणसं मी दुसऱ्याला दिली, आता त्याचं त्याला पोचंस्तोवर जुनंच. मी म्हटलं, उद्या पाच कणसं आणू, वाहू, झालं. तर म्हणाली, ती पाच गेली ती गेली, त्यांच्या बदल्यात दुसरी चालायची न्हाईत.

नवी ज्वारी खळ्यावर आली, घरात आली, सगळे नव्या ज्वारीच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या खाऊ लागले, आणि ही आपली जुनीच. पुढं पुढं त्या ज्वारीला किडे लागले. ती निवडून, पाखडून, वेगळी दळून आणायची. भाकरी कडू लागायची. मी भांडले, आप्पा भांडले, ऐकेल तर शपथ. अक्काला मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी तिची ताकीद होती.

बाळंतपणाला अक्का आमच्याकडं भवानी पेठेत आली. पावसाळ्यात तिला मुलगी झाली, ठणठणीत, रडून पेठ डोक्यावर घेणारी. माळ्यावरून झोळीचे दोर काढले ते मालकांनी, तेच टेम्पोतले, आणि तीच चादर. या खेपेला त्यांनी आईला विचारलं, आता चालंल का? आई म्हणाली, आता चालंल की.

सव्वा महिना झाल्यावर बाळबाळंतिणीला देवाला न्यायचं होतं. आम्ही तिघी आणि मुलगी, तळ्यातल्या देवळात गेलो. मी नारळ घेतला होता, बेल घेतला होता. आईनं हातात काही घेतलं नव्हतं. उंबऱ्यापाशी गेल्यावर तिनं अक्काच्या हातातून मुलगी घेतली, खाली आपला पदर पसरला आणि तिला देवापुढं त्यावर निजवलं. मग डोक्यावर पदर नसताना हात जोडून, कुणाला ऐकू जाईल याची पर्वा न करता म्हणाली, "देवा, औंदाचं नवं आनलंया. जरा उशीर झाला."

अक्का माझ्याकडं बघायला लागली. मी तिच्या हातात बेल ठेवला. मुलगी पाय झाडत होती. आईनं तिच्या कपाळाला विभूती लावली, उचललं आणि छातीशी धरलं. घरी आल्यावर ती चुलीपाशी पाट घेऊन बसली आणि माझ्या पिठाची भाकरी मागितली.